पॉइंट टू-टूची दुर्बीण

अल्फारेटा,
९ मार्च २०२५

ती. दादाराव मामांना,
धम्मदीपचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुमच्याशी बोलताना मी लॅपटॉपवर टाइप करत असतो हे तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखलंत, आणि त्या दिवसापासून पत्रच लिहायचं अशी अट घातलीत. पहिले सहा महिने ती शिक्षा वाटली. आता रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो की हात आपोआप कागदाकडे जातो.

बातमी अशी की मी रायफल घेतली. घाबरू नका, एनसीसीत आपण सगळ्यांनी चालवली तीच, पॉइंट टू-टू. कारण सांगतो. आमचा डायरेक्टर गॅरी दर वर्षी टीमला शूटिंग रेंजवर नेतो. त्याला टीम बिल्डिंग म्हणतात. मागच्या महिन्यात मी तिथे पंधरा गोळ्या झाडल्या आणि माझ्या कागदावर एकही भोक नव्हतं. शेजारच्या लेनमध्ये देवयानी नावाची नवी मुलगी होती, तिने दहा गोळ्या झाडल्या होत्या आणि तिच्या कागदावर पंचवीस भोकं निघाली. गॅरीने माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं की दुसऱ्याच्या कामाला असा हातभार लावणारा माणूस त्याने पाहिला नाही. सगळे हसले. मीही हसलो, कारण माझ्या ग्रीन कार्डच्या फाइलवर सही गॅरीची लागते.

हाच गॅरी ऑगस्टमध्ये, सीझन उघडला की, चार निवडक लोकांना घेऊन उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात खारींच्या शिकारीला जातो. या वर्षी मला बोलावलं आहे. माझ्या शेजारी बसणारा राजीव म्हणतो की मागच्या रीऑर्गमध्ये, म्हणजे नोकरकपातीत, जे वाचले ते सगळे खारीवाले होते.

आणखी एक गंमत. वर्क व्हिसावरच्या माणसाला इथे रायफल ठेवायची तर जवळ शिकारीचा परवाना लागतो. नुसत्या कागदावर नेम धरायचा असला तरी. म्हणून मी कोर्स केला, परीक्षा दिली आणि आता सरकारदरबारी शिकारी झालो. पहिल्या शीलाचं काय, असं संघमित्राने विचारलं. मी म्हटलं, परवाना घेणं म्हणजे मारणं नव्हे. त्यावर ती म्हणाली की मग गॅरीच्या डोंगरात जाऊन तू काय खारींना वंदना शिकवणार आहेस का.

असो. मुद्दा दुर्बिणीचा. रायफलवर स्कोप बसवल्याशिवाय माझं काही खरं नाही. मी एक शीट केली आहे, त्यात त्रेसष्ट स्कोप आणि सत्तावीस कॉलम आहेत. देहरादूनच्या कारखान्यात तुम्ही एकतीस वर्षं दुर्बिणी तपासल्यात. आपल्या सगळ्या नातेवाइकांत तुमच्याइतका भिंगातला माणूस नाही. तर कुठली घेऊ ते कळवा. शीटचं प्रिंट सोबत जोडलं आहे. उपासनाताईला यातलं काही सांगू नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत नागपूरला कळेल.

जिव्हाळा आहे तसाच राहू द्या.
तुमचा भाचा,
धम्मदीप


नेपरव्हिल,
२३ मार्च २०२५

चि. धम्मदीप,
तुला आणि संघमित्राला जयभीम आणि मंगल कामना.

इथे मार्च संपत आला तरी बर्फ हटायला तयार नाही. जावईबापू सुशांतराव सकाळी फावडं घेऊन बाहेर जातात, गाडी मोकळी करतात, स्टेशनवर जातात आणि संध्याकाळी परत येऊन तेवढाच बर्फ पुन्हा काढतात. उपासना बरी आहे. तिला काही सांगितलेलं नाही, पण तुझं सत्तावीस कॉलमांचं प्रिंट जेवणाच्या टेबलावर उलगडावं लागलं, तेव्हा ती आपण होऊन वाचून गेली.

तुझी शीट मी पाहिली. त्यात एक कॉलम राहिला आहे. या दुर्बिणीने तू काय करणार आहेस, तो. आधी तो भर.

आता कामाचं. खिडकीच्या काचेवर एखादा डाग बघ आणि त्याच्या मागे समोरच्या झाडाचं खोड धर. मग डोकं जरा डावीकडे ने. डाग खोडावरून सरकेल. दुर्बिणीतली फुली आणि समोरचं निशाण यांचं नीट जुळलेलं नसलं की तसंच होतं, डोकं हललं की फुली निशाणावरून सरकते. आम्ही त्याला पॅरलॅक्स म्हणायचो. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी शंभर-दीडशे यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. पॉइंट टू-टूचं काम पन्नास यार्डांच्या आसपास. म्हणून पन्नासला जुळवलेली घे, किंवा जिचं अंतर फिरवून जुळवता येतं अशी घे. दोन ते सात पट पुरे, फार तर तीन ते नऊ. त्याहून मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत समोरचं थोडंसंच दिसतं, आणि आपला हात किती हलतो ते मात्र भरपूर दिसतं. फुली साधी घे. भिंगाला डोळा न टेकवता, आरामात पूर्ण गोल चित्र दिसतं का ते दुकानात उभं राहून बघ. एवढंच आहे. सत्तावीसपैकी बावीस कॉलम कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी तयार केलेत.

खारीबद्दल माझं मत विचारलं नाहीस म्हणून सांगतो. कागदाला कितीही भोकं पाड, माझी हरकत नाही. खारीचं तुझं तू ठरव, पण मामांनी दुर्बीण निवडून दिली म्हणून मारली असं कुठे बोलू नकोस. आणि परवाना जपून ठेव. आपल्या घराण्यात सरकारमान्य शिकारी तू पहिलाच.

ओळी वर चढल्या असतील तर सांभाळून घे. उपासनाने नवं टेबल आणलंय, ते एका बाजूला कललेलं दिसतं.

तुमच्याकडून असाच लोभ येत राहो.
मामा


अल्फारेटा,
२७ एप्रिल २०२५

ती. मामांना,
सविनय जयभीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुमचं पत्र फार उपयोगी पडलं. पॅरलॅक्सवरून माझ्या लक्षात आलं की आपला अभ्यास किती वरवरचा आहे, म्हणून मी तीन ऑनलाइन ग्रुप जॉइन केले. तिथे भिंगांवरच्या कोटिंगवरून लोक असे भांडतात की आपली गणेशपेठेच्या वस्तीतली भांडणं आठवावीत. कोटिंग म्हणजे भिंगावरचा तो जांभळट-हिरवट मुलामा. तो एका थराचा, अनेक थरांचा, काही भिंगांवर असतो, सगळ्या भिंगांवर असतो, असे चार पंथ आहेत. मी सध्या चौथ्या पंथात आहे.

आतापर्यंत चार स्कोप मागवून परत केले. पहिल्याची फुली जाड होती. दुसऱ्याची बारीक होती. तिसरा चांगला होता, पण त्याच्याबद्दल एका माणसाने वाईट लिहिलं होतं. चौथ्याच्या खोक्याचा कोपरा दबलेला होता, आणि मग मन लागेना.

शेवटी फ्रीमाँटचा संजीव कामी आला. माझा कॉलेजातला मित्र, तुम्ही लग्नात पाहिलाय, उंच, सतत फोनवर असतो तो. त्याने सहा ते चोवीस पटीचा घेतलाय. तो म्हणाला की घ्यायचं तर एकदाच आणि सगळ्यात वरचं घ्यायचं, नाहीतर आयुष्यभर वाटत राहतं. मी विचारलं की तू याने कुठे शूट करतोस. तो म्हणाला, यार, रायफल अजून घ्यायची आहे.

तर मी तोच घेतला. वजन जरा जास्त आहे, रायफल पुढून खाली जाते. पण काय क्लॅरिटी, मामा. पन्नास यार्डांवरच्या कागदावर माशी बसली होती, तिचे पाय मोजता येत होते. कागदाचा नंबर तेवढा दिसत नाही, कारण तेवढं चित्र त्यात मावत नाही.

तुमच्या त्या रिकाम्या कॉलमबद्दल विचार चालू आहे. तब्येत सांभाळा. तुमचं टेबल बदलून घ्या, ओळी खरंच वर जातायत.

तुमचा,
धम्मदीप


अल्फारेटा,
१८ मे २०२५

ती. मामांना,
संघमित्राचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मी वेगळं पत्र लिहिते आहे, त्याची दोन कारणं आहेत. दुसरं शेवटी सांगते.

पहिलं म्हणजे तुमचा भाचा. रायफल कुलुपात असते, त्याची मला काळजी नाही. पण दुर्बीण मोकळी फिरते. रोज ऑफिसनंतर ती स्टँडवर लावून तो मागच्या डेकवर बसतो आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या पत्रपेट्यांचे नंबर वाचतो. फोकस तपासतोय म्हणतो. गेल्या आठवड्यात सोसायटीकडून एक अतिशय नम्र पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की काही रहिवाशांना इतर रहिवाशांच्या टपालात रस निर्माण झाल्याचं समजलं, तरी तो रस कमी करावा. धम्मदीपने त्यांना दोन पानी उत्तर लिहिलं. त्यातलं दीड पान कोटिंगवर होतं.

बुद्धपौर्णिमेचा आपला कार्यक्रम कम्युनिटी हॉलमध्ये झाला. शंभरेक माणसं होती, नागपूरची, पुण्याची, मुंबईची, सगळी. धम्मदीपकडे खीर वाटायचं काम होतं. त्याने पहिल्या रांगेत संग्रामकाकांना धरलं आणि हातात पळी घेऊन पॅरलॅक्स समजावला. मागे तीस माणसं वाट्या घेऊन उभी. काकांनी शेवटी शांतपणे विचारलं की खीर पन्नास यार्डांवरून वाढणार आहेस का.

हसण्यावारी नेते, पण खरं सांगू का मामा, तो घाबरलेला आहे. ऑफिसात दर आठवड्याला कुणाचं तरी डेस्क रिकामं होतं. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर परत. त्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. दुर्बिणीबद्दल मात्र रोज तासभर बोलतो. म्हणून मी ऐकून घेते.

आता दुसरं कारण. तुमची पत्रं मी एका डब्यात ठेवते. परवा सगळी बाहेर काढून ओळीने लावली. दिवाळीच्या पत्राच्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या आहेत. जानेवारीत त्या डाव्या बाजूला तुटायला लागल्या. मार्चच्या पत्रात दोन ठिकाणी एका ओळीवर दुसरी ओळ चढली आहे, आणि डावीकडचा समास तर तुम्हाला दिसतच नाही असं वाटतं. टेबल कललेलं असतं तर सगळ्या ओळी सारख्याच कलल्या असत्या.

माझ्या आईचं असंच झालं होतं, म्हणून सरळ विचारते. कुठला डोळा? आणि कधीपासून?

मी धम्मदीपला बोललेले नाही, उपासनाताईंनाही नाही. पण तुमचं उत्तर आलं नाही तर बोलेन.

माया आहे म्हणून कडक लिहिलं. राग मानू नका.
संघमित्रा


नेपरव्हिल,
१ जून २०२५

चि. संघमित्रा,
जयभीम आणि आशीर्वाद.

तू आमच्या तपासणी विभागात असतीस तर मी तुझ्या हाताखाली काम केलं असतं.

डावा. बाजूने धुकं आत येत येत आता मधला एक झरोका राहिलाय. उजव्याचीही कड धूसर होते आहे असं वाटतं. काचबिंदू आहे. नागपूरला असतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि रोज घालायचे थेंब दिले होते. इकडे येताना वर्षभराचे आणले. ते गेल्या उन्हाळ्यात संपले. उपासनाला मागायचे म्हणजे आधी सांगावं लागलं असतं, आणि नागपूरला मी तिला त्यातलं काही सांगितलंच नव्हतं. एक गोष्ट लपवली की ती लपवायला दुसरी लपवावी लागते, हे मला या वयात कळतंय.

ती आणि सुशांतराव सकाळी सातला घर सोडतात. मी त्यांच्यासाठी वरण-भात लावतो, पत्रं आत आणतो, वाचनालयात चालत जातो. घरात माझा उपयोग आहे. डोळे गेलेला म्हातारा म्हटलं की उपयोग संपतो आणि सेवा सुरू होते. मला त्याची भीती वाटते, हे तुलाच सांगतो आहे.

दुखत नाही. म्हणून दिवस ढकलता येतात. तू कुणाला बोलू नकोस, मीच सांगीन. केव्हा ते विचारू नकोस.

धम्मदीपचं ऐकून घेतेस ते बरं करतेस.
मामा


अल्फारेटा,
६ जुलै २०२५

ती. मामांना,
सविनय जयभीम, वि. वि.

गेल्या आठवड्यात गॅरीने सगळ्या खारीवाल्यांना रेंजवर सरावाला बोलावलं होतं. सविस्तर लिहितो, कारण यावर तुमचं तांत्रिक मत हवं आहे.

मी चोवीस पटीवर लावून कागद शोधायला लागलो. गवत दिसलं, लाकडाची चौकट दिसली, चौकटीतला खिळा दिसला. कागद सापडेपर्यंत रेंजमास्तरने थांबायची शिट्टी वाजवली. दुसऱ्या फेरीत सापडला. उन्हाने हवा इतकी थरथरत होती की कागद पाण्याखाली असल्यासारखा वाटला, आणि माझ्या नाडीच्या प्रत्येक ठोक्याला फुली उडत होती. तरी मी श्वास रोखून पाच गोळ्या झाडल्या. मामा, पाचही एका पावलीच्या नाण्यात मावतील इतक्या जवळ बसल्या. मी आयुष्यात इतकं चांगलं काही केलं नव्हतं. फक्त तो कागद गॅरीचा होता.

गॅरीने आधी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. नंतर म्हणाला की मी काय वापरतो ते बघायला त्याला आवडेल. त्याने डोळा लावला आणि लगेच काढला. म्हणाला की यातून चंद्रावर उतरायला जागा शोधता येईल. त्याच्या स्वतःच्या रायफलवर त्याच्या वडिलांची चार पटीची जुनी दुर्बीण आहे, फिरवायला काहीच नाही.

म्हणून आता मोठा स्कोप परत केला आणि शीट कमी करत दोनवर आणली आहे. दोन्ही तीन ते नऊ, दोन्ही पन्नास यार्डांना जुळवलेले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. यातला कुठला जास्त उजळ आहे यावर माझं, संजीवचं आणि तिन्ही ग्रुपांचं एकमत होत नाही. त्यामुळे दोन्ही तुमच्याकडे पार्सलने पाठवतो आहे. खोक्यांवर अ आणि ब लिहिलंय. कंपनीचं नाव झाकलंय, म्हणजे निर्णय निःपक्ष होईल. तुम्ही कारखान्यात तपासायचात तसंच तपासा आणि एका ओळीत निकाल लिहा. तुम्ही म्हणाल तो घेणार. सोळा ऑगस्टला डोंगरात जायचंय, तेव्हा जरा लवकर.

संघमित्राला हे सांगितलं तर ती एकदम उठून आत गेली. तिला या विषयाचा कंटाळा आला असावा.

तुमचा,
धम्मदीप


नेपरव्हिल,
२० जुलै २०२५

चि. धम्मदीप,
जयभीम. तुझं पार्सल मंगळवारी आलं.

तू कारखान्यासारखं तपासा म्हणालास, म्हणून तसंच केलं. मागच्या डेकवर टेबल मांडलं. कुंपणावर कॅलेंडरचं पान चिकटवलं. पावलांनी अंतर मोजलं. वही घेतली, दोन रकाने आखले, तारीख घातली. आमच्याकडे नियम असा होता की जे दिसलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. काय दिसायला पाहिजे होतं ते लिहायचं नाही.

अ ला उजवा डोळा लावला. आकडे दिसले, पण पानाच्या कडा दिसल्या नाहीत. मला वाटलं अ मध्ये दोष आहे. ब लावला. तेच. मग डावा डोळा लावला. मधोमध राखाडी ठिपका, बाकी काही नाही. दोन्ही दुर्बिणींत सारखंच. दोन वेगळ्या कारखान्यांच्या वस्तूंत एकच दोष निघाला, तर तो कुणाचा असतो हे मी पोरांना एकतीस वर्षं शिकवलं होतं.

तरी तुला खरं सांगतो, मी आधी वहीत लिहिलं की ब जास्त उजळ आहे. तू सुखी झाला असतास. सही करायला पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. कॅलेंडरचं पान वाऱ्याने उडून शेजारच्यांच्या अंगणात गेलं, पण नेमकं कुठे पडलं तेसुद्धा मला दिसलं नाही. तिथेच खुर्चीत बसलो आणि उपासनाला तिच्या ऑफिसात फोन केला. मला काचबिंदू आहे, थेंब वर्षभर घातले नाहीत, डावा डोळा बहुतेक गेला, एवढी तीन वाक्यं सांगितली. तिने फोन ठेवला. चाळीस मिनिटांनी गाडीचा आवाज आला. घरात आली तेव्हा पायात एकच बूट होता. दुसरा गाडीत निघाला होता, तो घालायला थांबली नाही.

मग ओरडली. भरपूर ओरडली. चहा केला, आणि चहा पितानाही ओरडली. मी इतका चांगला चहा बऱ्याच दिवसांत प्यायलो नव्हतो.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गेलेलं परत येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. उजव्याचा दाब फार आहे, तो उतरवायला ऑपरेशन करायचं आहे, शुक्रवार पंधरा ऑगस्टला. वेळेत झालं तर आहे तेवढं राहील, असं त्या म्हणाल्या.

तुझ्या दोन्ही दुर्बिणी परत पाठवतो आहे. निकाल देता येत नाही. तपासणारा नापास झाला.

रागावलेलो नाही, पण एक सांगायचं आहे. मी तुला वाकड्या ओळींची पत्रं लिहिली. तू ओळी वाकड्या आहेत हे पाहिलंस आणि मला टेबल बदलायला सांगितलंस. तुझ्या बायकोने पत्रं ओळीने मांडली आणि दोष डोळ्यात आहे ते ओळखलं. दोघांत कुणाची नजर चांगली हे मी कारखान्याच्या नियमाने लिहून देऊ शकतो.

मामा


अल्फारेटा,
३ ऑगस्ट २०२५

ती. मामांना,
जयभीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग संघमित्राच्या डब्यातून तुमची जुनी पत्रं काढली आणि तीही वाचली. मार्चच्या पत्रात तुम्ही काचेवरच्या डागाबद्दल लिहिलंय, त्या वाक्यावर पुढची ओळ चढली आहे. तेव्हा ती मी कशीबशी लावून वाचली होती आणि पुढे पॅरलॅक्सवर गेलो होतो. मला काय म्हणावं ते मला कळत नाही, म्हणून म्हणत नाही.

सोमवारी गॅरीकडे गेलो. सोळा तारखेला डोंगरात येऊ शकत नाही, मामांचं ऑपरेशन आहे, नेपरव्हिलला जातोय, असं सांगितलं. बाहेर पडताना हेही सांगून टाकलं की मला खारी मारायच्या नाहीत, या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही, मी रायफल कागदासाठी घेतली आहे. हे सांगायला मी पाच महिने घेतले आणि सांगायला अर्धं मिनिट लागलं. गॅरी म्हणाला, ठीक आहे. अंकल कोण, आईकडून की वडिलांकडून, असंही त्याने विचारलं. मी खुर्चीत येऊन बसलो आणि राजीवने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी डेस्क रिकामं करतोय.

गुरुवारी रीऑर्गमध्ये काढलेल्यांची यादी आली. त्यात गॅरी होता. चारपैकी दोन खारीवाले होते. मी नव्हतो, राजीव नव्हता. का, ते कुणालाच माहीत नाही. सगळं कुठल्यातरी मशीनने केलं म्हणतात. माझी फाइल आता डॅलसच्या एका बाईंकडे गेली. त्या दर शुक्रवारी टीमला पिकलबॉल खेळायला नेतात. राजीवने रॅकेटची शीट सुरू केली आहे. मला त्यात घालायला बघत होता, मी नाव काढून घेतलं.

खोकं उचलायला गॅरीला मी मदत केली. त्याच्या वडिलांची दुर्बीण त्याने रायफलवरून काढून पेनस्टँडशेजारी ठेवली होती, तीही खोक्यात गेली. त्याने तुमच्या ऑपरेशनसाठी शुभेच्छा सांगितल्या आहेत. त्याच्या वडिलांचे डोळेही काचबिंदूने गेले होते म्हणाला, आणि त्यांनीही घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

स्कोपचं एकदाचं मिटलं. अ आणि ब दोन्ही परत केले. शनिवारी संघमित्रा भाजी आणायला निघाली होती, वाटेत मला दुकानात घेऊन गेली. दोन ते सात पटीचे तीन ठेवले होते. तिने एकेकाला डोळा लावला, दाराबाहेरच्या पार्किंगची पाटी वाचली, आणि मधला उचलून माझ्या हातात दिला. दहा मिनिटं लागली. मी का विचारलं तर म्हणाली की यात डोकं कुठे धरायचं ते शोधावं लागत नाही. शीट डिलीट केली.

चौदाला दुपारी पोचतो. तीन आठवडे राहणार आहे, काम तिथूनच करीन. टेबल कललेलं असलं तरी चालेल.

माफ करा, हा शब्द पुरणार नाही हे माहीत आहे.
धम्मदीप


नेपरव्हिल,
३१ ऑगस्ट २०२५

चि. संघमित्रा,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि उपासना लिहिते आहे. त्यामुळे तिच्याबद्दलचा मजकूर गाळला आहे. (गाळलेला मजकूर मी तुला फोनवर सांगेन. उपासना.)

ऑपरेशन नीट झालं. काल डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, उतरला आहे. उजव्याने अजून धूसर दिसतं, पण ते निवळेल म्हणाल्या. डाव्याबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वाचनालयात पुढच्या महिन्यापासून जाता येईल, सोबत कुणी असलं तर. शेजारचे निवृत्त पोस्टमन आपण होऊन म्हणाले की ते तसेही रोज त्या बाजूला जातात. मी वरण-भात लावतो. कांदा चिरायला मात्र हे दोघं देत नाहीत. बाकी माझ्याकडून घरात काही काढून घेतलेलं नाही, उलट सुशांतरावांनी त्यांच्या ऑफिसच्या पार्टीच्या पुलावाची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. पहिले दोन दिवस तो माझ्यासमोर बसला आणि एकही तांत्रिक शब्द बोलला नाही. मला इतकी काळजी वाटली की मीच विचारलं, काय रे, कोटिंगचं काय झालं. तर म्हणाला, काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कॉफी घेऊन डेकवर बसलो असताना मग त्याने नोकरीचं सांगितलं. व्हिसाचं, साठ दिवसांचं, परत जावं लागलं तर काय, सगळं. दोन तास बोलला. मी ऐकत होतो. त्याने उपाय विचारला नाही.

डोळ्यात दिवसातून आठ वेळा थेंब घालायचे असतात. उपासना घरी नसते तेव्हा ते काम त्याचं. पहिल्या दिवशी त्याने माझं डोकं मागे टेकवलं, बाटली धरली, श्वास रोखला, बराच वेळ नेम धरला. पहिला थेंब भुवईवर. दुसरा नाकाच्या शेंड्यावर. तिसरा कानात गेला, तो कसा ते मला अजून कळलेलं नाही. दोन इंचांचं अंतर होतं, संघमित्रा. मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण बोललो असतो तर हसलो असतो, आणि हसायला बाईंनी मनाई केली आहे.

चौथ्याला त्याने नेम धरायचं सोडून दिलं. डावा हात माझ्या कपाळावर ठेवला, अंगठ्याने पापणी वर धरली आणि बोलत बोलतच थेंब सोडला. तू लहान असताना तुझ्या आईने तुला एकदा पडवीतून कशी हाक मारली होती, असलं काहीतरी सांगत होता, पण ती आठवण तुझी नव्हती, त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लहानपणची होती, सांगता सांगता तो गोंधळला होता. थेंब बरोबर डोळ्यात पडला. गार लागलं. त्याचा हात बराच वेळ माझ्या कपाळावर तसाच होता.

तो पुढच्या रविवारी तिकडे निघतो. त्याला गरम जेवण दे आणि फार काही विचारू नकोस. आमच्याबद्दलची माया कमी होऊ देऊ नकोस, आमच्याकडे तुझ्या वाट्याची राखून ठेवलेली आहे.

तुझा,
दादाराव मामा
(खालची सही मामांनी स्वतः केली आहे. थोडी वर चढली आहे. उपासना.)